सामायिक डिस्क जुन्या क्लस्टरकडून नव्या क्लस्टरकडे: ताबा नेमका कधी बदलतो?

भोसरीकर

नमस्कार मंडळी. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

कारखान्याचं ईआरपी (साठा, खरेदी, हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) ज्या दोन सर्व्हरवर चालतं ते आता निवृत्त करायचे आहेत. दोन्हीवर सेंटओएस ७ ही लिनक्स आहे. त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला आणि तेव्हापासून प्रत्येक ऑडिटमध्ये तोच मुद्दा पहिला येतो. नवे दोन सर्व्हर आले आहेत, त्यांवर अल्मालिनक्स ९ टाकलंय. स्टोरेज मात्र तेच राहणार. फायबर चॅनेलचा सॅन (सर्व्हरबाहेरचं सामायिक स्टोरेज), त्यातलं ४ टीबीचं एक लन (सर्व्हरला एक डिस्क म्हणून दिसणारा तुकडा), त्यावर एलव्हीएम (डिस्कचे व्हॉल्यूम ग्रुप करून वापरायची लिनक्सची व्यवस्था), त्यावर एक्सएफएस फाइलसिस्टिम आणि आत पोस्टग्रेस १४ डेटाबेसचा सगळा डेटा. जुन्या जोडीवर पेसमेकर (एक सर्व्हर पडला की काम दुसऱ्यावर हलवणारा) आणि कोरोसिंक (सर्व्हरना एकमेकांशी बोलतं ठेवणारा) आहे, म्हणजे दोघं मिळून एक क्लस्टर. नव्या जोडीवरही तेच उभं केलंय, फक्त त्यात अजून डिस्क नाही.

सॅनमध्ये आणखी ४ टीबी मोकळी जागा नाही, त्यामुळे कॉपी करता येत नाही. म्हणून तेच लन नव्या सर्व्हरना दाखवायचं, जुन्यांनी सोडायचं आणि नव्यांवर चढवायचं असं ठरतंय. आमच्या भागात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. बुधवारची दुसरी पाळी सुटली की शुक्रवारच्या पहिल्या पाळीपर्यंत यंत्रणा माझ्या हातात आहे.

दोन प्रश्न आहेत. लन चारही सर्व्हरना आधीच दाखवून ठेवलं तर चालेल का? आणि खात्रीसाठी नव्या सर्व्हरवर ते आधी रीड-ओन्ली माउंट करून (फक्त वाचण्यापुरतं चढवून) पाहू का? फाइली नीट दिसल्या की गुरुवारी डोक्याला ताप राहणार नाही.

रात्रपाळी

रीड-ओन्ली माउंट करू नका. बाकीचं सावकाश बोलू, हे आधी.

एक्सएफएस आणि ईएक्सटी४ या दोन्ही फाइलसिस्टिम जर्नल ठेवतात, म्हणजे बदल आधी एका वहीत नोंदवतात. जुन्या सर्व्हरवर डिस्क चालू असताना तुम्ही ती नव्यावर चढवलीत, की नव्या कर्नलला जर्नलमध्ये अर्धवट काम दिसतं. त्याला वाटतं, मागचा सर्व्हर अचानक बंद पडला. मग तो ते अर्धवट काम स्वतः पुरं करायला घेतो आणि त्यासाठी डिस्कवर लिहितो. रीड-ओन्ली म्हणजे तुम्हाला फाइली बदलता येत नाहीत, एवढंच. जर्नल उलगडताना कर्नल लिहितोच. तिकडे जुना सर्व्हर आपल्या मेमरीतली प्रत खरी धरून काम करत राहतो. दोघांची चित्रं त्या क्षणापासून वेगळी होतात.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की लगेच काही दिसत नाही. माउंट होतं, फाइली दिसतात, माणूस समाधानानं अनमाउंट करतो. पुढे कधीतरी जुन्या सर्व्हरवर ‘स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग’ अशी एरर येते आणि तेव्हा कोणालाही त्या माउंटची आठवण येत नाही.

पोस्टग्रेसही वाचवणार नाही. डेटा डिरेक्टरीतली पोस्टमास्टर.पीआयडी फाइल बघून तो ‘दुसरा कोणी चालू आहे का’ हे ठरवतो, पण तो प्रोसेस क्रमांक स्वतःच्याच मशीनवर शोधतो. दुसऱ्या मशीनवर तो सापडत नाही, मग फाइल शिळी समजून बेधडक सुरू होतो.

डब्लिनकर

एक्सएफएसला ‘नोरिकव्हरी’ आणि ईएक्सटी४ ला ‘नोलोड’ असे पर्याय आहेत की. ते दिले तर जर्नल उलगडलं जात नाही. मग रीड-ओन्ली पाहणी सुरक्षित नाही का?

रात्रपाळी

डिस्कच्या दृष्टीनं सुरक्षित, पण पाहणाऱ्याला काही उपयोग नाही. जर्नल न उलगडता जे दिसेल ते मधल्याच कुठल्यातरी क्षणाचं, विसंगत चित्र असेल. डेटाबेस बरोबर आहे की नाही हे त्यावरून सांगता येणार नाही. आणि पर्याय द्यायला विसरलं, एवढ्या एका चुकीवर ४ टीबी पणाला लागतात. पाहायचंच असेल तर सॅनवर स्नॅपशॉट (त्या क्षणाचं गोठवलेलं चित्र) घ्या आणि तो नव्या सर्व्हरला दाखवा. स्नॅपशॉटला पूर्ण ४ टीबी लागत नाहीत, जेवढे ब्लॉक बदलतील तेवढीच जागा जाते.

मात्र स्नॅपशॉटवर मूळ व्हॉल्यूम ग्रुपचेच यूयूआयडी (ओळख क्रमांक) असतात. मूळ लन आणि त्याचा स्नॅपशॉट एकाच सर्व्हरला एकदम दाखवू नका. दाखवावाच लागला तर आधी व्हीजीइम्पोर्टक्लोन चालवून ओळख बदला आणि एक्सएफएस ‘नोयूयूआयडी’ देऊन चढवा.

खिडकीवाला

माझं सगळं काम विंडोजवरचं. आमच्याकडे फेलओव्हर क्लस्टरमध्ये डिस्क दोन्ही नोडना (क्लस्टरमधल्या सर्व्हरना) कायम दिसते, मूव्ह म्हटलं की जाते. लिनक्समध्ये एवढी भीती का बाळगावी लागते हे समजून घ्यायला आवडेल.

सातारकर

दादा, तुमच्याकडेही डिस्क दोन्हींना दिसते, पण एका वेळी एकच नोड तिचा मालक असतो. विंडोज सर्व्हर २००८ पासून क्लस्टर त्यासाठी स्कझी-३ पर्सिस्टंट रिझर्व्हेशन वापरतं. मालक नसलेल्या नोडनं लिहायचा प्रयत्न केला तर स्टोरेजच नकार देतं. २००८ आर२ मध्ये क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूम आले, तेव्हा सगळ्या नोडना एकदम वापरायची सोय झाली, पण त्यामागे फाइलसिस्टिमच्या नोंदी बदलायचं काम एकाच नोडकडे ठेवलेलं असतं.

लिनक्समध्ये ही सगळी कामं वेगवेगळ्या भागांत वाटलेली आहेत. मालकी कोणाची हे पेसमेकर ठरवतो, नोंद एलव्हीएम ठेवतो आणि मज्जाव फेन्सिंग करतं. तीनही नीट लावले तर विंडोजइतकंच सुरक्षित. एखादा राहिला तर कोणी विचारत नाही, हाच फरक.

दोघांनी एकाच वेळी लिहायचंच असेल तर जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ सारखी क्लस्टर फाइलसिस्टिम लागते. तिथे प्रत्येक नोड लिहिण्याआधी बाकीच्यांकडून कुलूप मागतो. धाग्यातल्या कामाला त्याची गरज नाही, पोस्टग्रेस एकाच ठिकाणी चालणार आहे.

रात्रपाळी

आता पहिल्या प्रश्नाकडे येते. चारही सर्व्हरना लन आधीच दाखवून ठेवावं का? माझं मत ठामपणे नाही, आणि याचं कारण नीट सांगते, कारण बहुतेक मार्गदर्शिकांमध्ये एकाच क्लस्टरच्या आतलं फेलओव्हर असतं. तुमचं काम दोन क्लस्टरमधलं आहे.

एका क्लस्टरच्या आत काय होतं? पेसमेकर ग्रुप थांबवतो तेव्हा क्रम उलटा असतो. फिरता आयपी, मग पोस्टग्रेस, मग फाइलसिस्टिम अनमाउंट, मग व्हॉल्यूम ग्रुप बंद. हे सगळं यशस्वी झालं असं जुन्या नोडनं कळवलं तरच दुसऱ्यावर सरळ क्रमानं चढवणं सुरू होतं. आणि जुना नोड बोलतच नसेल तर? तेव्हा फेन्सिंग. त्याची वीज तोडायची किंवा स्टोरेजवरचा त्याचा हक्क काढून घ्यायचा, आणि ते झालं अशी पोच आल्याशिवाय डिस्कला हात लावायचा नाही. नोड उत्तर देत नाही म्हणजे तो मेला असं धरता येत नाही. कदाचित त्याची नेटवर्क केबल तेवढी सुटली असेल आणि डिस्कवर तो मजेत लिहीत असेल. फेन्सिंग बंद ठेवून चालवलेले क्लस्टर मी पाहिलेत, ‘स्टोनिथ-एनेबल्ड फॉल्स’ लिहून. ज्या दिवशी दोन्ही नोड जिवंत राहून एकमेकांना दिसेनासे होतात, त्या दिवशी दोघंही डिस्क चढवतात. सामायिक डिस्क असेल तर फेन्सिंग ऐच्छिक नाहीच.

आता तुमची परिस्थिती. जुना क्लस्टर नव्याला ओळखत नाही, नवा जुन्याला ओळखत नाही. दोघांचे कोरोसिंक वेगळे, कोरम (बहुमताचे हिशेब) वेगळे. नव्या क्लस्टरचं फेन्सिंग जुन्या नोडला गोळी घालू शकत नाही, कारण तो त्याच्या यादीतच नाही. म्हणजे दोन क्लस्टरच्या मध्ये राखणदार कोणीच नाही. चारही सर्व्हर ज्याचं ऐकतात अशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे सॅनवरचं मास्किंग. लन कोणत्या होस्ट ग्रुपला (सर्व्हरच्या गटाला) दिसायचं हे तिथे ठरतं. तेव्हा झोनिंग (फायबर स्विचवर कोण कोणाला दिसेल ते) आधी करून ठेवा, मल्टिपाथची (एकाच लनकडे जाणारे अनेक मार्ग एक डिस्क म्हणून दाखवणाऱ्या भागाची) तयारी करा, एखादं लहान लन दाखवून मार्ग तपासून घ्या. डेटाचं लन मात्र जुन्या होस्ट ग्रुपमधून काढल्यावरच नव्यात घाला. गुरुवारी दहा मिनिटं जास्त जातील, जाऊ द्या.

आणखी एक विचारायचं आहे, जुन्या क्लस्टरमध्ये एलव्हीएमचा ताबा कशानं ठरतो, टॅगनं की सिस्टम आयडीनं? आणि फेन्सिंग कोणतं आहे?

भोसरीकर

ताई, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. रीड-ओन्ली माउंटचा विचार रद्द. मास्किंगचंही पटलं.

जुन्या क्लस्टरमध्ये टॅग आहे. व्हीजीएस कमांडमध्ये टॅग ‘पेसमेकर’ असा दिसतो आणि एलव्हीएम.कॉन्फमध्ये व्हॉल्यूम_लिस्ट (कोणते ग्रुप चालू करायचे त्याची यादी) लिहिलेली आहे. फेन्सिंग फेन्स_स्कझी आहे.

सातारकर

टॅगवर नव्या सर्व्हरच्या बाबतीत विसंबू नका. टॅगचा अडसर जुन्या दोन सर्व्हरच्या एलव्हीएम.कॉन्फमध्ये आहे, डिस्कवर नाही. ज्या मशीनच्या फाइलमध्ये व्हॉल्यूम_लिस्ट लिहिलेली नाही तिच्या दृष्टीनं तो टॅग म्हणजे नुसतं लेबल.

सिस्टम आयडीचं तसं नाही. ते सातबाऱ्यावरच्या नावासारखं आहे, जमिनीच्या नोंदीतच लिहिलेलं. व्हॉल्यूम ग्रुपच्या मेटाडेटामध्ये मालकाचं नाव असतं आणि दुसरा कोणताही सर्व्हर ते वाचून ‘हा ग्रुप परका आहे’ म्हणून बाजूला ठेवतो. आरएचईएल (रेड हॅट लिनक्स, अल्मालिनक्स ज्याच्या धर्तीवर आहे) ८ पासून पेसमेकरसाठी हीच पद्धत आहे. नव्या दोन्ही नोडवर एलव्हीएम.कॉन्फमध्ये सिस्टम_आयडी_सोर्स ‘यूनेम’ करा. ताबा घेतल्यावर व्हीजीचेंजला सिस्टमआयडी पर्याय देऊन नव्या नोडचं नाव लिहा, जुना टॅग काढा आणि ऑटोअ‍ॅक्टिव्हेशन बंद करा. नाहीतर रीबूटच्या वेळी पेसमेकर उठायच्या आधीच सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा भाग) ग्रुप चालू करून ठेवेल.

‘यूनेम’ ठेवल्यावर होस्टनेम बदलायचं नाही. नाव बदललं की स्वतःचाच ग्रुप परका ठरतो.

डब्लिनकर

सिस्टम आयडीबद्दल एक पुरवणी. ते कुलूप नव्हे. पेसमेकरचा एलव्हीएम-अ‍ॅक्टिव्हेट एजंट ग्रुप सुरू करताना जुनं नाव खोडून स्वतःचं नाव लिहितो, समोरचा जिवंत आहे का हे तो विचारत नाही. क्लस्टरनं सांगितलं म्हणजे ते विचारून झालंय, असं गृहीत आहे. म्हणजे गाडी परत फेन्सिंगवरच येते.

रात्रपाळी

सहमत.

फेन्स_स्कझी म्हणालात, तर लिहून ठेवा. तो लनवर प्रत्येक नोडची किल्ली नोंदवतो आणि ‘राइट एक्स्क्लुझिव्ह, रजिस्ट्रंट्स ओन्ली’ प्रकारचं रिझर्व्हेशन घेतो. ज्याची किल्ली नोंदलेली नाही त्याला वाचता येतं, लिहिता येत नाही. क्लस्टर थांबवल्यावर या किल्ल्या आपोआप जात नाहीत, त्या स्टोरेजमध्ये राहतात. नव्या सर्व्हरवर मग गंमतशीर अवस्था होते. लन दिसतं, पीव्हीएस कमांडमध्ये डिस्क दिसते, व्हॉल्यूम ग्रुप वाचता येतो, आणि पहिल्यांदा काही लिहायला जावं तर ‘रिझर्व्हेशन कॉन्फ्लिक्ट’. लोक तासन्‌तास केबल आणि मल्टिपाथ तपासत बसतात.

म्हणून डिस्क सोडल्यावर, पण मास्किंग काढायच्या आधी, जुन्याच नोडवरून एसजी_पर्सिस्ट कमांड वापरून किल्ल्या वाचा आणि त्याच नोडची किल्ली देऊन क्लिअर करा. क्लिअर झाल्यावर परत वाचून यादी रिकामी असल्याचं पाहा. हे राहिलं तर नव्या नोडवरूनही करता येतं, आधी स्वतःची किल्ली नोंदवावी लागते.

पोस्टग्रेसप्रेमी

उशिरा येतोय, पण डिस्कच्या चर्चेत डेटाबेसचा एक मोठा धोका कोणाच्याच लक्षात आलेला दिसत नाही.

सेंटओएस ७ मध्ये जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी, अक्षरानुक्रमही तीच ठरवते) २.१७ आहे, अल्मालिनक्स ९ मध्ये २.३४. मधल्या २.२८ आवृत्तीत, म्हणजे २०१८ मध्ये, अक्षरानुक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. पोस्टग्रेस डेटाबेसचं कोलेशन (मजकुराचा क्रम लावायचे नियम) एन_यूएस वगैरे असेल तर मजकुराच्या कॉलमवरचे बी-ट्री इंडेक्स जुन्या क्रमानं रचलेले आहेत. डिस्क जशीच्या तशी नव्या सर्व्हरवर गेली की तेच इंडेक्स नव्या नियमानं शोधले जाणार. नोंद टेबलात असते आणि शोधल्यावर सापडत नाही. युनिक इंडेक्स असेल तर सापडली नाही म्हणून तीच नोंद दुसऱ्यांदा आत जाते.

ईआरपीमध्ये हे हमखास लागू पडतं, कारण पार्ट नंबरमध्ये डॅश असतात. साधं उदाहरण: ‘१-१’ आणि ‘११’ इंग्रजी आकड्यांत लिहून दोन्ही मशीनवर एन_यूएस लोकेलनं सॉर्ट करून बघा. जुन्यावर ‘११’ आधी येतं, नव्यावर ‘१-१’.

पोस्टग्रेस १४ मुख्य कोलेशनबद्दल इशाराही देणार नाही. डेटाबेसच्या मुख्य कोलेशनची आवृत्ती नोंदवून ठेवायची सोय १५ पासून आली.

उपाय अवघड नाही, वेळखाऊ आहे. नव्या सर्व्हरवर पोस्टग्रेस सुरू करा, अ‍ॅप्लिकेशन बंदच ठेवा आणि रीइंडेक्स करा. संपूर्ण डेटाबेस करायला वेळ नसेल तर निदान मजकुराच्या कॉलमवरचे सगळे इंडेक्स. मजकुराच्या रेंजवर पार्टिशन केलेली टेबलं असतील तर तीही तपासा. नंतर एएमचेक एक्स्टेन्शनचं बीटी_इंडेक्स_चेक चालवा. कोलेशन ‘सी’ असेल तर यातलं काहीच लागत नाही, ते आधी बघून घ्या.

स्ट्रीमिंग रेप्लिका करून गेलं तरी हाच प्रश्न येतो, कारण तिथेही फाइली जशाच्या तशाच जातात. डंप-रिस्टोर किंवा लॉजिकल रेप्लिकेशन केलं तर इंडेक्स नव्यानं बांधले जातात, पण त्याला तुमच्याकडे जागा नाही.

भोसरीकर

आत्ताच पाहिलं. कोलेशन एन_यूएस.यूटीएफ-८ आहे आणि पार्ट नंबर डॅशनी भरलेले आहेत. तुम्ही लिहिलं नसतं तर हे कधी कळलं असतं कोण जाणे. वेळापत्रकात रीइंडेक्स घालतो. स्नॅपशॉटवर आधी एकदा चालवून किती वेळ लागतो हेही बघून घेतो.

परतीच्या वाटेचं काय? शुक्रवारी पहाटे काही बिनसलं तर जुन्या सर्व्हरवर परत जाता येईल का?

पोस्टग्रेसप्रेमी

रीइंडेक्सच्या आधी माघार घेतली तर सोपं. रीइंडेक्स झाल्यावर परत गेलात तर जुन्यावर पुन्हा रीइंडेक्स. आणि नव्या मशीनवर सुधारित इंडेक्स नसताना एकही व्यवहार आत घेऊ नका.

सातारकर

फाइलसिस्टिमच्या बाजूनं परतीची वाट मोकळी आहे, कारण तुम्ही ती नव्यानं बनवत नाही आहात. जुनी एक्सएफएस नव्या कर्नलवर चालते आणि स्वच्छ अनमाउंट केली तर परत जुन्यावरही चढते. उलट, अल्मालिनक्स ९ वर एमकेएफएस केलेली एक्सएफएस सेंटओएस ७ च्या कर्नलला उघडत नाही, तिच्यात नवी वैशिष्ट्यं मुळातच चालू असतात. परत जाताना व्हॉल्यूम ग्रुपचा सिस्टम आयडी रिकामा करायला विसरू नका. जुन्या सर्व्हरना स्वतःचा आयडी नाही, त्यामुळे नाव लिहिलेला ग्रुप ते हातात घेणार नाहीत.

सगळ्यात स्वच्छ परतीची वाट म्हणजे जुन्या नोडवर अनमाउंट झाल्याझाल्या घेतलेला स्नॅपशॉट.

रात्रपाळी

अल्मालिनक्स ९ बद्दल एक, मग मी झोपायला जाते.

नव्या सर्व्हरवर लन मल्टिपाथमध्ये दिसेल, पण पीव्हीएसमध्ये दिसणार नाही. घाबरू नका. आवृत्ती ९ मध्ये एलव्हीएम स्वतःची डिव्हाइस फाइल ठेवतं आणि त्या यादीत नसलेल्या डिस्ककडे बघतच नाही. एलव्हीएमडिव्हायसेसला अ‍ॅडडेव्ह पर्याय देऊन मल्टिपाथचं नाव दोन्ही नोडवर घाला, एसडीचं (एकेका मार्गाचं) नाव घालू नका. डिस्क रिकामी दिसते म्हणून कोणीतरी पीव्हीक्रिएट (डिस्क एलव्हीएमसाठी नव्यानं तयार करणारी कमांड) चालवायला जातं, तेवढं होऊ देऊ नका. रात्री तीन वाजता शेजारी बसलेल्या माणसालाही हे आधी सांगून ठेवा.

मल्टिपाथमध्ये नो_पाथ_रिट्राय ‘क्यू’ ठेवू नका. सगळे मार्ग तुटले तर लिखाण अनंतकाळ रांगेत थांबतं, अनमाउंट अडकतं, पेसमेकरला ना यश कळतं ना अपयश. ठरावीक प्रयत्नांनंतर एरर येऊ द्या.

डब्लिनकर

दोन नोडच्या नव्या क्लस्टरसाठी: कोरोसिंकमध्ये टू_नोड चालू केलंत की वेट_फॉर_ऑल आपोआप चालू होतं, म्हणजे दोन्ही बंद असताना एकटा उठलेला नोड दुसऱ्याला एकदा पाहिल्याशिवाय काही सुरू करत नाही. ते बंद करू नका. तिसरी एखादी लहान मशीन मिळाली तर तिच्यावर क्यूनेट डिमन ठेवा, तिसरं मत मिळतं.

आणि फेन्सिंग फक्त आयपीएमआयवर (सर्व्हरमधली, दुरून वीज बंद-चालू करायची सोय) असेल तर सर्व्हरची वीज पूर्ण गेल्यावर त्याचं आयपीएमआयही जातं. मग ‘बंद झाला’ अशी पोच कधीच येत नाही आणि दुसरा नोड डिस्क हातात न घेता वाट बघत बसतो. वागणं बरोबरच आहे त्याचं. त्यासाठी दुसरी पातळी द्या, पीडीयू (दुरून बंद करता येणारी वीजपट्टी) किंवा फेन्स_एमपाथ (मल्टिपाथवरच्या किल्ल्या काढणारं फेन्सिंग).

भोसरीकर

मंडळी, झालं. शुक्रवारची पहिली पाळी नव्या सर्व्हरवर सुरू झाली आणि स्टोअरमध्ये पार्ट नंबर सापडताहेत. काय झालं ते क्रमानं लिहितो, पुढच्या कोणाला उपयोगी पडेल.

जुन्या क्लस्टरवर आधी रिसोर्स ग्रुप डिसेबल केला. आयपी गेला, पोस्टग्रेस थांबला, अनमाउंटही झालं. पण व्हॉल्यूम ग्रुप बंद होईना, ‘लॉजिकल व्हॉल्यूम इन यूज’. डिस्क कोण वापरतंय ते सांगणाऱ्या एफयूजर आणि एलएसओएफ या कमांड रिकाम्या, माउंटच्या यादीत काही नाही. इथे आम्ही बराच वेळ अडकलो. थांबायचा प्रयत्न फसला म्हणून जुन्या क्लस्टरनं तो नोड फेन्स करायची तयारीही केली होती, क्लस्टर वेळेत मेंटेनन्स मोडमध्ये टाकला म्हणून थांबला. शेवटी प्रत्येक प्रोसेसचं माउंटइन्फो तपासल्यावर कळलं की मॉनिटरिंगचा एजंट कंटेनरमध्ये चालतो आणि यजमानाची सगळी फाइलसिस्टिम आत बाइंड केलेली आहे. बाहेर अनमाउंट केलं तरी कंटेनरच्या नेमस्पेसमध्ये (त्याच्या स्वतःच्या वेगळ्या माउंट-यादीत) आमची एक्सएफएस अजून चढलेलीच होती. कंटेनर थांबवला, लगेच सुटलं.

सातारकर

हे फार महत्त्वाचं सापडलं. डॉकरमध्ये बाइंडचं प्रॉपगेशन न सांगता ठेवलं तर ते ‘आरप्रायव्हेट’ असतं, बाहेरचं अनमाउंट आत पोचत नाही. ‘आरस्लेव्ह’ दिलं की पोचतं. नव्या सर्व्हरवर एजंट टाकताना हे बदला, नाहीतर प्रत्येक फेलओव्हर तिथेच अडकेल आणि फेन्सिंगमध्ये संपेल.

भोसरीकर

बदललं आणि दोन वेळा उलटसुलट फेलओव्हर करून पाहिलं.

पुढचं लिहितो. ग्रुप बंद झाल्यावर जुना क्लस्टर सगळ्या नोडवर थांबवला आणि डिसेबलही केला, चुकून रीबूट झाला तरी उठू नये म्हणून. किल्ल्या क्लिअर केल्या. स्नॅपशॉट घेतला. जुन्या होस्ट ग्रुपमधून लन काढलं, मगच नव्यात घातलं. डिव्हाइस फाइलमध्ये नाव घातल्यावर ग्रुप पहिल्या फटक्यात दिसला. टॅग काढून सिस्टम आयडी लिहिला, ऑटोअ‍ॅक्टिव्हेशन बंद केलं, मग एकदा पेसमेकरच्या बाहेर हातानं चढवून, बघून, उतरवून, नंतरच क्लस्टरच्या ताब्यात दिलं. सबंध गुरुवारातला सगळ्यात मोठा भाग रीइंडेक्सनं घेतला. स्नॅपशॉटवरचा अंदाज बरोबर निघाला म्हणून धीर होता. एएमचेक स्वच्छ आलं.

फेन्सिंगची परीक्षाही घेतली. चालू नोडवर सिसआरक्यूनं (कर्नलला थेट आज्ञा द्यायच्या सोयीनं) मुद्दाम कर्नल पाडला. दुसऱ्यानं आधी त्याची वीज तोडली, पोच आल्यावर डिस्क घेतली.

जुन्या सर्व्हरवर अजून मल्टिपाथमध्ये त्या लनचे मेलेले मार्ग दिसतात. ते सर्व्हर काही महिने दुसऱ्या कामाला वापरणार आहोत. तसेच राहू दिले तर चालतील का?

रात्रपाळी

अभिनंदन! हातानं एकदा चढवून पाहिल्यावरच क्लस्टरकडे दिलंत, हे फार चांगलं केलंत.

मेलेले मार्ग ठेवू नका. तुम्ही उद्या त्या सर्व्हरना दुसरं लन दिलंत आणि सॅननं त्याला तोच लन क्रमांक दिला, तर जुनी एसडी नावं अचानक नव्या डिस्ककडे बोट दाखवू लागतात. कर्नलला अजून जुनीच ओळख माहीत असते. आधी मल्टिपाथ -एफ (लहान लिपीतला) देऊन तो मॅप काढा, मग त्या प्रत्येक एसडीच्या सिसफएसमधल्या डिलीट फाइलमध्ये १ लिहा, मग मल्टिपाथच्या डब्ल्यूडब्ल्यूआयडी (डिस्कची कायमची ओळख) यादीतून नोंद पुसा. खरं तर हा क्रम लन काढायच्या आधी करायचा असतो. आता मार्ग मेलेले असल्यानं पहिली कमांड अडकली, तर त्या मॅपचं क्यूइंग आधी बंद करा आणि पुन्हा चालवा. दोन्ही जुन्या नोडवर करा, आणि ते झाल्याशिवाय त्यांना नवीन लन दाखवू नका.